साडेआठ बाय दहाच्या स्वयंपाकघरातलं बेट

आमचं स्वयंपाकघर साडेआठ फूट रुंद आणि दहा फूट लांब आहे. इमारत 1996 सालची, चिंचवडमधली. एका लांब भिंतीला सरळ दहा फुटांचा ओटा, त्यावर खिडकी. समोरच्या भिंतीला फ्रीज आणि बाबांनी हौसेनं करून घेतलेली लोखंडी मांडणी. एका टोकाला हॉलमध्ये जायचं दार, दुसऱ्या टोकाला ड्राय बाल्कनीचं, दोन्ही दारं ओट्याला लागून. एवढ्या जागेत किचन आयलंड, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध बेटासारखं सुटं कामाचं टेबल, करायचं मनात आणलं तेव्हा ज्याला सांगितलं त्यानं आधी "कुठे?" असंच विचारलं. रास्त प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधायला मला चार महिने लागले, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. लहान घरात असं काही करू पाहणाऱ्यांना यातली मापं तरी उपयोगी पडतील.

मूळ कारण आई. ती 74 वर्षांची आहे. मागच्या श्रावणात तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता मांडी घालून खाली बसणं कायमचं बंद. चालणं छान सुधारलं, जिना चढते-उतरते, देवळात जाऊन येते. पण घरात आल्यावर तिला जागा उरली नाही. कारण तिचा स्वयंपाक उभ्यानं होता तो फक्त गॅसपुरता. पोळ्या लाटायच्या तर खाली, भाजी चिरायची तर खाली, लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, नारळ खोवणं, सगळं पाटावर बसून. विळी, पोळपाट, परात, सूप हे सगळं जमिनीवरचं सामान. ओट्यासमोरची फरशी आम्हाला इतकी वर्षं मोकळी दिसायची, पण ती मोकळी नव्हतीच. ती तिची बसायची जागा होती.

ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटून बघितल्या तिनं. सहा-सात पोळ्या झाल्या की कंबर धरायची. मग हॉलमधल्या खुर्चीत बसून मांडीवर ताट घेऊन मेथी निवडायची. तेही हळूहळू थांबलं, कारण काड्या सांडायच्या आणि तिला वाकून उचलता यायच्या नाहीत. सकाळी माझी बायको एकटी ओट्याशी, भिंतीकडे तोंड करून, आणि आई हॉलमधून आवाज देणार, "मीठ घातलंस का गं?" मिक्सर चालू असला की तो आवाज पोचायचाही नाही. दोघींनी बावीस वर्षं एकत्र केलेला स्वयंपाक असा भिंतीच्या दोन बाजूंना वाटला गेला, ते मला सहन होईना.

आधी मी घाईत एक चूक केली. चाकांचं तयार आयलंड मागवलं. वीस इंच रुंद, तीन फूट लांब, खाली दोन कप्पे, चारही चाकांना ब्रेक. चित्रात फारच सोयीचं वाटत होतं: हवं तेव्हा ओढा, नको तेव्हा सरकवा. पहिल्या दिवशी कळलं की पोळी लाटायला लागलं की ब्रेक लावूनही ते हलतं, कारण लाटणं म्हणजे सतत पुढे ढकलणं. तेवढं चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी आई खुर्चीतून उठताना तिनं सवयीनं त्याच्या कडेवर भार दिला आणि ते वीतभर पुढे गेलं. ती परत खुर्चीत बसली गेली, म्हणून निभावलं. खुर्ची जरा मागे असती तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी ते ड्राय बाल्कनीत गेलं, आता त्यावर तुळस आणि गवती चहा आहे. म्हातारं माणूस घरात असेल तर चाकांचं काहीही नको, हे मी कोणालाही ठामपणे सांगेन. म्हातारपणी माणूस प्रत्येक कडेचा आधार घेतो. आधार वाटेल ती प्रत्येक वस्तू आधार देणारीच असली पाहिजे.

मग एका मॉड्युलर किचनच्या दुकानात गेलो. त्यांनी संगणकावर सुंदर चित्र काढून दिलं. दोन बाय चार फुटांचं बेट, वर लोंबते दिवे, दोन उंच स्टुलं. अंदाज 1 लाख 35 हजार. चित्रात सगळं बसत होतं. मी कारखान्यात तपासणी विभागात आहे, आयुष्य मापं तपासण्यात गेलंय, त्यामुळे घरी आल्यावर टेप घेतला. चित्रातल्या ओट्याची एकही ट्रॉली उघडी नव्हती, फ्रीजचं दार बंद होतं आणि चित्रात एकही माणूस नव्हता.

आता हिशेब सांगतो. रुंदी 102 इंच. त्यातला ओटा 24. राहिले 78. अमेरिकेतल्या किचन डिझायनरांच्या संस्थेचा जो प्रसिद्ध ठोकताळा आहे, तो म्हणतो की काम करायच्या वाटेला एका माणसासाठी 42 इंच आणि दोघांसाठी 48 इंच ठेवा, नुसती येण्या-जाण्याची वाट असेल तर 36. म्हणजे 24 इंचांचं बेट आणि दोन्ही बाजूंना अगदी कमीत कमी 36 धरले तरी 96 इंच लागतात. माझ्याकडे 78, आणि त्यात समोरचा फ्रीज 28 इंच खोल. चारही बाजूंनी फिरता येईल असं बेट या घरात होत नाही, विषय संपला.

पण ठोकताळा कशावरून आला तेही बघायला हवं. तिकडे ओव्हन आणि भांडी धुवायच्या मशीनचं दार खाली उघडतं, ते उघडं असताना मागून दुसऱ्याला जाता आलं पाहिजे. आमच्याकडे यातलं काहीच नाही. आमच्याकडे ट्रॉल्या आहेत. मी एक-एक ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून मोजली, प्रत्येक 20 इंच येते. ट्रॉलीसमोर वाकलेल्या माणसाला, बाजूला उभं राहिलं तर 18 ते 20 इंच पुरतात. आईचा वॉकर सध्या माळ्यावर आहे, पण तो परत लागू शकतो, म्हणून तोही उतरवून मोजला, 23 इंच. म्हणजे आमच्या घराचा ठोकताळा 40 इंचांचा निघाला. पुस्तकातला आकडा कळला पाहिजे, पण स्वतःच्या घरातल्या ट्रॉल्या, दारं आणि माणसं मोजल्याशिवाय तो वापरू नये.

याच काळात वाचता वाचता एक गोष्ट हाती लागली आणि मला मोठा धीर आला. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्त्री वास्तुविशारदानं जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटर. म्हणजे सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फुटांच्या वर लांब, क्षेत्रफळानं आमच्यापेक्षाही लहान. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यासमोर होतं, जिथे अरुंद जागेत कितीतरी लोकांचं जेवण होतं. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. पण मला सर्वांत भावलं ते हे, की तिनं खिडकीखाली बसून काम करायला एक लाकडी फळी दिली होती आणि त्यासमोर एक फिरतं स्टूल. शंभर वर्षांपूर्वी, साडेसहा चौरस मीटरमध्ये, तिनं बाईच्या बसण्याचा विचार केला होता. आम्ही मात्र उभ्याचा ओटा बांधला आणि बसायचं असेल तर जमिनीवर, असं गृहीत धरलं. आपल्या आया-आज्यांचे गुडघे चालत होते तोवर ते खपून गेलं.

तेव्हा ठरलं, बेट आईच्या बसण्यावरून आखायचं. आणि चारही बाजूंनी मोकळं नाही जमत तर तीन बाजूंनी. शाळेच्या भूगोलात शिकलो तसं, तीन बाजूंनी पाणी म्हणजे द्वीपकल्प. आमच्या लेकीनं कागदावर काढलेल्या नकाशात तेच नाव लिहिलं आणि घरात अजूनही ते तसंच म्हटलं जातं. "डबा द्वीपकल्पावर ठेवलाय."

बाबांची मांडणी काढायची, हा निर्णय आईनं स्वतः घेतला. मला तो शब्द काढायचं धाडस होत नव्हतं. ती म्हणाली, "अरे, त्यातले अर्धे डबे रिकामे आहेत. मला हात पुरत नाही वरच्या फळीला. काढून टाक." मांडणी गेली आणि 15 इंच परत मिळाले. आता समोरच्या भिंतीतून काटकोनात बाहेर येणारं, 22 इंच रुंद आणि 38 इंच लांब असं टेबल. त्याच्या टोकापासून ओट्यापर्यंत बरोबर 40 इंच वाट. लांबीत बघा: हॉलच्या बाजूनं आधी फ्रीज 30 इंच, मग एका माणसाला 30, मग टेबल 22, मग आईच्या खुर्चीला 36. बेरीज 118. खोली 120. ही बेरीज जमली त्या रात्री मी तीनदा पुन्हा केली.

टेप लावून फरशीवर आखणी केली आणि तिथे खोकी मांडली. पार्सलची खोकी, आत जुनी रद्दी भरून, 22 बाय 38 चा ठोकळा. आठ दिवस तो तसाच ठेवला. हे आठ दिवस फार महत्त्वाचे. कागदावर 40 इंच भरपूर वाटतात, पण सकाळी साडेसहाला तीन माणसं एकदम आत आली की खरं कळतं. खोक्याचे ओट्याकडचे दोन्ही कोपरे चौथ्या दिवशी चेपलेले होते, मांडीच्या उंचीवर. म्हणजे तिथून जाताना प्रत्येक जण घासत होता. त्यामुळे ते दोन कोपरे गोल करायचे ठरले, नुसती धार मारून नाही, चांगले वाटीच्या तोंडाएवढे गोल. दुसरं असं कळलं की फ्रीजच्या दाराची बिजागरी उजवीकडे आहे आणि टेबल डाव्या हाताला, म्हणजे दार उघडलं की दूध काढून थेट टेबलावर ठेवता येतं. हे उलटं असतं तर रोज दाराला वळसा घालावा लागला असता. फ्रीज घेताना हा विचार कोणी करत नाही.

राहिली उंची. मिस्त्री आले. आमच्याकडे वीस वर्षं येणारे मिस्त्री, हाताला सोनं. ते म्हणाले, "ओट्याला मिळवून तेहतीस घेऊ, लेव्हल एक दिसेल." दिसायला छान दिसलं असतं. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला 33 इंच म्हणजे छातीपर्यंत येतं. दुकानातल्या चित्रात उंच स्टुलं होती ती याचसाठी, आणि उंच स्टुलावर आई चढणार कशी?

मग मी इस्त्रीचं टेबल आणलं. त्याची उंची कमी-जास्त होते, हे त्या दिवशी सुचलं याचा मला अजून आनंद होतो. त्यावर लेकीचा ड्रॉइंगचा फळा ठेवला, फळ्यावर पोळपाट. आईला हातांच्या खुर्चीत बसवलं, बसायची उंची 18 इंच. फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी अशीच खुर्ची सांगितली होती, हात असलेली, गुडघे कमरेपेक्षा वर येणार नाहीत अशी. टेबल डगमगत होतं, म्हणून मी दोन्ही हातांनी धरून समोर उकिडवा बसलो. बायकोनं कणीक भिजवून दिली.

पहिल्यांदा टेबल 30 इंचांवर. आईनं लाट्या केल्या, पिठी लावली, लाटायला घेतलं. मी पोळीकडे बघत होतो, बायको आईच्या खांद्यांकडे. तिनं मला खुणेनं दाखवलं. आईचे दोन्ही खांदे कानांकडे चढले होते. पोळी झाली, पण मधे पातळ आणि कडा जाड. आई पोळी उचलून बोटांत कड चाचपत म्हणाली, "जोर येत नाही रे वरून." तेव्हा समजलं की पोळी मनगटानं लाटत नाहीत, खांद्यापासून उतरणाऱ्या भारानं लाटतात. खाली बसलं की पोळपाट गुडघ्यांच्याही खाली, म्हणून तो भार आपोआप मिळायचा. मग 25 वर घेतलं. पोळी सुरेख झाली, पण खुर्चीचे हात फळ्याला अडकले आणि आईला लांबून वाकून लाटावं लागलं. मधलं 27. आईनं दोन पोळ्या लाटल्या, तिसरी लाटली, काही बोलली नाही. चौथीला तिनं पोळी न उचलता लाटण्यानंच गर्रकन फिरवली, जशी ती पूर्वी खाली बसून फिरवायची. पोळपाटाच्या काठाबाहेर एक सूतभर आलेली, सगळीकडून सारखी. मी टेप लावला. टेबल 27, पोळपाटाची जाडी दीड, म्हणजे लाटण्याची खरी पातळी साडेअठ्ठावीस.

हे पोळपाटाचं माप विसरू नका. बहुतेक जण टेबलाची उंची मोजतात. काम टेबलावर होत नाही, टेबलावर ठेवलेल्या वस्तूवर होतं. परात, पोळपाट, चिरायचा फळा, प्रत्येक वेळी इंच-दीड इंच वर.

खुर्चीच्या हातांची उंची 25 निघाली. दगड आणि खालचा प्लाय मिळून दीड इंच. म्हणजे 27 च्या टेबलाखाली साडेपंचवीस मोकळे, खुर्चीचे हात अर्ध्या इंचानं आत जातात. त्यामुळे समोर पट्टी नको, गुडघ्यांवर ड्रॉवर नको. मिस्त्रींना हे पटायला वेळ लागला, कारण पट्टीशिवाय टेबल त्यांना अपुरं वाटत होतं. शेवटी भिंतीकडच्या टोकाला 12 इंच रुंद कपाट घेतलं, त्याला तीन ड्रॉवर, फ्रीजच्या बाजूनं उघडणारे. टेबलाचा भार त्या कपाटावर आणि कपाटाचा जमिनीवर. समोरची भिंत साडेचार इंची आहे, नुसत्या ब्रॅकेटवर तिला दगड टांगायचा नव्हता. दुसऱ्या टोकाला एकच स्टीलचा पाय, रुंदीच्या बरोबर मधोमध, काठापासून तीन इंच आत, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याची बोटं ठेचाळत नाहीत आणि आईची खुर्चीही अडत नाही. प्लाय आयएस 710 या भारतीय मानकाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन. स्वयंपाकघरात त्याखाली उतरू नये, पाणी कुठून ना कुठून पोचतंच.

दगडावर आमची थोडी बोलाचाली झाली. आईला कडाप्पा हवा होता. तिच्या माहेरचा ओटा कडाप्प्याचा, त्यावर पुरणपोळी थेट लाटायचे. मलाही त्याचा काळा मऊ रंग आवडतो. पण कडाप्पा हा चुनखडीचा दगड, लिंबू, चिंच, आमसूल सांडलं की डाग धरतो, आणि आमच्याकडे रोज सोलकढी नाही तर चिंचेची आमटी. शेवटी काळा ग्रॅनाइट घेतला, 18 मिलिमीटर, पण चकचकीत पॉलिश न करता खरखरीत, त्याला ते लेदर फिनिश म्हणतात. एवढ्या तुकड्याचं वजन सव्वीस किलोच्या आसपास भरतं. आईनं हात फिरवला आणि म्हणाली, "चालेल. कडाप्प्यासारखा लागतोय."

टेबल भिंतीला टेकलेलं असल्याचा मोठा फायदा विजेचा. मधोमध बेट असतं तर प्लगसाठी फरशी फोडून पाइप टाकावा लागला असता, आणि दुसऱ्या मजल्यावर फरशी फोडणं म्हणजे खालच्यांच्या छताची काळजी. इथे भिंतीतूनच मिक्सरचा पॉइंट आला, टेबलापासून नऊ इंच वर. नळ घेण्याचा विचार मी केलाच नाही, सांडपाण्याच्या पाइपाला उतार कुठून देणार? गॅसही ओट्यावरच राहिला. चित्रांमध्ये शेगडी बेटावर दिसते, पण आपल्या फोडणीचा धूर ओढायला वर टांगती चिमणी लागते, आणि गॅसची नळी चालायच्या वाटेतून नेणं मला कुठल्याही परिस्थितीत नको होतं. दिवा मात्र एक वाढवला. ट्यूब आईच्या पाठीमागे होती, तिचीच सावली पोळपाटावर पडत होती. आता समोरच्या बाजूनं वरून उजेड येतो. सगळं मिळून 21,600 रुपये झाले, मजुरीसकट.

27 इंच आम्हा बाकीच्यांना उभ्यानं काम करायला कमी आहे, हे खरं. मी तिथे भाजी चिरली तर कंबर भरते. मिस्त्रींनी दोन पातळ्या करायचं सुचवलं होतं, अर्धं खाली, अर्धं वर. 22 इंचांत दोन पातळ्या केल्या असत्या तर एकही धड झाली नसती. आम्हाला उभ्याचा दहा फुटांचा ओटा आहेच. समोर एक साधं स्टूल ठेवलंय, ज्याला तिथे काम करायचं त्यानं बसून करायचं.

सकाळ आता अशी असते. आई पावणेसातला येऊन तिच्या जागेवर बसते. परातीत कणीक बायकोनं आधीच तिंबून झाकलेली. आई लाटते, बायको भाजते. लाटलेली पोळी आई लाटण्यावर अलगद गुंडाळून पुढे करते, बायको ओट्याकडून अर्धी वळून ती घेते आणि तव्यावर उलगडते. 40 इंच म्हणजे दोघींनी हात लांब केला की बरोबर भेटतात, हे मात्र मी आखलेलं नव्हतं. आईला बसल्या जागेवरून गॅसवरचं पातेलं दिसतं. मिठाचं ती अजून विचारते, फक्त आता ओरडावं लागत नाही. लेक समोरच्या स्टुलावर बसून दूध पिते, कधी वही उघडून बसते, आणि शाळेत जाताना वहीच्या कडांना पिठी लागलेली असते. बायको एकदा म्हणाली, "आई, तुम्ही जरा विश्रांती घ्या आज, मी करते." आईनं लाटणं खाली ठेवलंच नाही.

मकरसंक्रांतीला तिनं गुळपोळ्या केल्या. गेल्या वर्षी विकतच्या आणल्या होत्या.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही, ती म्हणजे विळी. विळी पायाखाली धरायची वस्तू, ती टेबलावर वापरताच येत नाही. सुरीनं आई चिरते, पण तिला ते आवडत नाही. कोथिंबीर ठेचल्यासारखी होते म्हणते, आणि गवार तर ती सुरीनं मोडतच नाही, हातानं तोडते. टेबलाला स्क्रूनं आवळायची खवणी मिळाली, त्यामुळे नारळाचं काम झालं. त्यावरूनच मिस्त्रींना एक सुचलंय. विळीचा जुना पाट घ्यायचा, त्याच्या खालच्या बाजूला आईकडच्या कडेला सागाची एक आडवी पट्टी मारायची, ती टेबलाच्या काठाला अडकेल आणि पाट पुढे सरकणार नाही. मागून एक शिकंजा. पातं आईच्या बाजूला नाही, आडवं राहील असं वळवायचं. मी त्यांना पात्याला लाकडी म्यान आणि ड्रॉवरमध्ये वेगळा कप्पा, या दोन गोष्टी आधी करायला सांगितल्यात, कारण समोर लेक बसते. उंचीचा हिशेब पुन्हा करावा लागेल, पाट दोन इंच जाड आहे. आईनं माळ्यावरून विळी काढायला लावली, चिंच लावून घासली आणि पातं मिस्त्रींकडे धार लावायला दिलंय. रविवारी ते पाट घेऊन येणार आहेत.